नोटेवरच्या नकाशाचा राग बाजारावर काढू नका!

विंचूरकर बंधू-भगिनींनो,

नेपाळने नोव्हेंबर २०२५ मध्ये शंभराची नवी नोट काढली. तिच्यावरच्या नकाशात लिपुलेख, लिंपियाधुरा आणि कालापानी नेपाळचे म्हणून दाखवले आहेत. हा मुलूख भारताचा आहे. सरकारने या नकाशाला हरकत घेतली, ती योग्यच घेतली. पण त्यावरून कुणी ‘नेपाळशी व्यापार तोडा, नेपाळी पोरांना हाकला’ म्हणत असेल, तर त्याला आमचा साफ विरोध आहे.

नोटेवर छापल्याने मुलूख कुणाचा होत नाही. आपल्या शेजारच्या चांदवडच्या टांकसाळीत होळकरांच्या अमलात रुपया पडायचा तो दिल्लीच्या शाह आलमच्या नावाने. म्हणून काही इथे बादशहाचा हुकूम चालत नव्हता! नेपाळशी खरा वाद आहे तो १८१६ च्या सुगौली तहातल्या काली नदीचा उगम कोणता, यावर. तो समोरासमोर बसून, जुने नकाशे आणि महसुलाचे कागद काढूनच मिटेल.

आणि शेजाऱ्यांच्या नोटा आपल्याला परक्या कधी होत्या? नेपाळच्या पहिल्या कागदी नोटा १९४५ मध्ये नाशिकरोडच्या छापखान्यात छापल्या गेल्या. फाळणीनंतर पाकिस्तानने सुरुवातीला वापरल्या त्या इथल्याच नोटा, वर पाकिस्तान सरकारचे नाव छापलेल्या. बांगलादेश स्वतंत्र झाला, तेव्हा १९७२ मध्ये त्या देशाचा नकाशा असलेली पहिली नोटही नाशिकरोडलाच छापली. आज नेपाळची ही वादाची नोट चीनच्या सरकारी कंपनीने छापली आहे. हे काम आज आपल्या जिल्ह्यात नाही, याचा संताप आम्हाला नकाशापेक्षा जास्त आहे.

व्यापाराचा रस्ता बंद झाला की काय होते, ते आपण भोगले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीने कांद्याची निर्यात बंद केली आणि विंचूरच्या उपबाजारात भाव कोसळले. बंदी उठायला मे २०२४ उजाडला. तेव्हा तर शेजाऱ्याशी भांडणही नव्हते. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका ही आपली गिऱ्हाइके आहेत. नोटेच्या रागापायी ती तोडली, तर काठमांडूच्या सरकारचे काही जाणार नाही. नुकसान चाळीत कांदा साठवून बसलेल्याचे होईल.

म्हणून दिंडोरीच्या खासदारांना प्रत्येक घरातून एक पत्र गेले पाहिजे. सीमेची बोलणी ताबडतोब सुरू करा, शेजारी देशांच्या नोटा छापायचे काम नाशिकरोडला परत आणा, आणि कोणत्याही वादात कांद्याची गाडी अडवू नका, एवढे त्यात लिहा. गावात राबणाऱ्या नेपाळी माणसाला कुणी त्रास देत असेल, तर मध्ये पडा.

कांदा उत्पादक शेतकरी,
विंचूर, ता. निफाड, जि. नाशिक