जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल?

‘गाडी घाट चढते ना, मग ऑइल जाडच टाका,’ असा सल्ला नाशिकच्या गॅरेजांत आजही मिळतो. जुन्या इंजिनांत तो खपून जायचा. आता महागात पडू शकतो.

डब्यावरचा ‘५डब्ल्यू-३०’ सारखा आकडा समजून घ्या. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा दाटपणा सांगतो. निफाडचा पारा पाच अंशांखाली जातो, तेव्हा पहाटे जाड ऑइल इंजिनभर उशिरा पोहोचतं आणि तेवढ्यात झीज होते. कसारा घाटातल्या उष्णतेचा विचार कंपनीने दुसऱ्या आकड्यात केलेलाच असतो.

दाटपणाइतकाच ऑइलचा प्रकारही महत्त्वाचा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुधा काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ असते. अडकलेली काजळी जळून जाते. ऑइलमधल्या रसायनांची राख मात्र जळत नाही, साचत राहते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. गाळणी तुंबली तर भुर्दंड मालकाला. ती काढून टाकली, तर काजळी सगळ्यांच्या फुफ्फुसांत.

मेकॅनिकच्या हाताला मान द्याच. पण ऑइल निवडताना गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा. त्यातला ग्रेड आणि दर्जा लिहून न्या, आणि डब्याचं सील आपल्यासमोरच उघडायला सांगा.