सरकार टिकले, पण नियम टिकला का?



निवडणूक आली की ‘स्थिर सरकार’ हा शब्द हमखास कानावर पडतो. अमुक देशात सरकार टिकते म्हणून तो पुढे गेला, तमुक देशात पडते म्हणून मागे राहिला, असे शहाणी माणसे सांगतात. जागतिक बँकही देशोदेशींच्या राजकीय स्थैर्याला गुण देते. हे माप आपण आपल्या शेतात लावून पाहू.

झाईर म्हणजे आजच्या काँगो देशात १९६५ ते १९९७, बत्तीस वर्षे मोबुटू या एकाच माणसाची सत्ता होती. तांबे, हिरे, घनदाट जंगल, सगळे होते. आपल्या जिल्ह्यांसारखेच जमिनीखाली धन आणि जमिनीवर दारिद्र्य. रयत कंगालच राहिली. उलट इटलीत १९४६ पासून साठाहून अधिक सरकारे आली आणि गेली, तरी तो देश जगातल्या सात श्रीमंत देशांच्या पंक्तीत बसतो. तिथल्या शेतीचे धोरण १९६२ पासून युरोपातल्या देशांनी मिळून ठरवलेले. रोममधले सरकार रात्रीतून पडले म्हणून सकाळी गव्हाचा नियम बदलत नाही.

आता आपल्या घरी या. ५ मार्च २०१२ रोजी दिल्लीने कापसाची निर्यात बंद केली आणि आठवड्याभरात निर्णय फिरवला. ते सरकार पाच वर्षे पूर्ण टिकले. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. सरकार तेच, पंतप्रधान तेच. आपण जूनमध्ये सरकी टोबली तेव्हा एक नियम होता. पऱ्हाटीला पाती लागली तेव्हा दुसरा झाला. सरकार हलले नाही, शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन मात्र हलली.

याउलट, आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा डिसेंबर १९९६ मध्ये झाला. देवेगौडांचे ते सरकार अनेक पक्षांच्या मोळीचे. अकरा महिन्यांच्या आत पडले. कायदा राहिला. २००६ चा वनहक्क कायदाही आघाडी सरकारचाच. त्याच्या बळावर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकला. तेव्हापासून मुंबईत किती मुख्यमंत्री बदलले ते मोजा. मेंढ्याची ग्रामसभा मात्र आपल्या जागी बसून आहे.

मी पडत्या सरकारांची वकिली करत नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने उभी पिके सडली, तेव्हा मुंबईत नवे सरकार बसलेच नव्हते. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. खुर्ची रिकामी असली तर पंचनाम्याचा कागद कोणाच्या दारात न्यायचा, हाही प्रश्नच.

पण शेतीचे शिक्षण घेताना एक गोष्ट शिकलो. ज्वारीचा वाण स्थिर आहे की नाही हे ताटाच्या उंचीवर ठरत नाही. कमी पावसात आणि जास्त पावसात त्याने कणसात किती दाणा दिला, ते पाहतात. देशालाही हीच कसोटी लावा. खुर्चीवर कोण किती वर्षे बसला हे मोजू नका. पेरणीच्या वेळी दिलेला शब्द वेचणीपर्यंत टिकला का, ते मोजा.

म्हणून या बैठकीत एक ठराव घ्यावा असे मी सुचवतो : कापसाच्या आयात-निर्यातीचे नियम मृगाआधी जाहीर करा आणि शेवटची वेचणी विकली जाईपर्यंत त्यांना हात लावू नका. आणि मत मागायला येईल त्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, विचारा : बाबा, तुझी खुर्ची पाच वर्षे टिकेल हे कळले, आमचा नियम सहा महिने टिकेल का?