मांडव वेळेवर मोकळा व्हावा



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपण सारेच म्हणतो. पण ते लग्न वेळेवर आटोपावे कसे, हे कुणी सांगत नाही. पत्रिकेवर मुहूर्त छापतात १२ वाजून ३७ मिनिटांचा, अक्षता पडतात अडीचला, आणि मांडव कधी मोकळा होणार हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसते. गव्हाची मळणी करायची म्हटली की मात्र यंत्र केव्हा येणार, पोती किती लागणार, गाडी कधी निघणार हे आपण आदल्या दिवशी ठरवतो!

लग्नाचा हिशेब शेवटाकडून मांडावा, असे माझे सांगणे आहे. वऱ्हाडातली कितीतरी माणसे गोठा शेजाऱ्यावर सोपवून आलेली असतात. सकाळी सहाला धार काढलेली गाय संध्याकाळी सहाला वाट पाहू लागते. धार लांबली की कास तटते, दूध घटते, आणि हे वरचेवर झाले तर कासदाहाला आमंत्रण. पाहुण्यांनी सहाच्या आत घर गाठायचे तर दूरच्या गाड्या चारला हलल्या पाहिजेत. म्हणजे पाठवणी साडेतीनला, शेवटची पंगत तीनच्या आत, पहिली पंगत एकला. मग अक्षता मुहूर्तावरच पडायला हव्यात, नाही का?

वेळ जातो कुठे, तेही पाहा. मारुतीच्या देवळापासून मांडव हाकेच्या अंतरावर, पण नवरदेवाच्या मिरवणुकीला तेवढ्या वाटेत दीड तास! पुढे अक्षतांच्या आधी पुढाऱ्यांचे सत्कार, मग आशीर्वादाची भाषणे. उन्हात म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया ताटकळतात, आणि मुहूर्त निघून जातो तो जातोच. सत्कार करायचाच तर पंगती चालू असताना करावा. उपाशी माणसाला भाषण गोड लागत नाही, जेवलेल्याला थोडेफार लागते.

यासाठी लग्नाची याद करायला बसाल तेव्हा मानपानाबरोबर वेळाही लिहून काढा आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्या. सहीचा कागद असला की भर मांडवात तोंड वाजवावे लागत नाही. बँडवाल्याला सुपारी देतानाच वाजवणे कधी थांबवायचे ते सांगा. गाड्यांच्या चालकांना पहिल्याच पंगतीला बसवा. सगळे वऱ्हाड गाडीत आणि चालक जेवायला, हा प्रकार तुम्ही पाहिलाच असेल!

आणि एक कारभारी नेमा. वधूपित्यावर हे काम टाकू नका. त्याला 'जरा थांबा हो' म्हणणाऱ्या व्याह्यापुढे मान हलवता येत नाही. वधूचा मामा असावा किंवा गावातले निवृत्त गुरुजी. ज्यांना उलट बोलायला लोक कचरतात असे. माइक त्यांच्याच हाती राहू द्या.

गोरज मुहूर्त असेल तर धारा काढूनच माणसे निघतात, तो प्रश्न उरत नाही. पण रात्री परतायचे असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वऱ्हाड भरू नये. ती मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. ट्रॉलीला मागे दिवा नसेल तर अंधारात मागून येणाऱ्याला ती दिसतही नाही. ध्वनिक्षेपकाचे म्हणाल तर २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच ठेवावा लागतो. वरातीने त्याआधीच घर गाठावे.

मायभगिनींनो, तुमच्यासाठी एक वेगळे सांगणे आहे. वधूची आई, काकू, आत्या या सकाळपासून पोटात काही नसताना राबतात आणि शेवटी गार भात चिवडतात. पाठवणीच्या वेळी कुणाला भोवळ आली की म्हणायचे, लेकीच्या दुःखाने आली! घरच्या बायकांची पंगत दुसरीच असावी. कारभाऱ्याने ती स्वतः बसवावी आणि वाढायला पुरुषांनी उभे राहावे.

मांडव वेळेवर मोकळा झाला की उरलेले अन्नही सत्कारणी लागते. वैशाखाच्या उकाड्यात शिजलेला भात दोन तासांच्या वर तसाच ठेवू नये. त्यात जंतू वाढून एक विष तयार होते आणि पुन्हा उकळी दिली तरी ते जात नाही. म्हणून अन्न गरम आहे तोवर वस्तीवर, आश्रमशाळेत पोहोचते करा. रात्री अकराला आंबलेल्या भाताचे पातेले कुणाच्या दारी नेणे हे दान नव्हे.

मग ते पातेले रिकामे होते गोठ्यात! इथे मात्र मी हात जोडून सांगतो, असे करू नका. भात, पुऱ्या, बुंदी असे पिठूळ व गोड अन्न जनावराने एकदम भरपूर खाल्ले की त्याच्या पोटात आम्ल वाढते. रवंथ बंद होते, आंबूस वासाची पातळ हगवण लागते, जनावर बसते ते उठत नाही. एक-दोन दिवसांत दगावतेही. कित्येक घरी लग्नानंतर 'गायीला नजर लागली' म्हणतात ती हीच. उरलेले अन्न खड्ड्यात टाकून वर माती आणि शेण घाला. चांगले खत होईल. पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकचे पेले त्याच संध्याकाळी वेचून घ्या, आणि तोवर जनावरे मांडवाकडे सोडू नका. चुकून खाल्लेच असेल तर लक्षणे दिसायची वाट पाहू नका, आणखी खाऊ घालू नका. पशुवैद्यकाला लगेच कळवा आणि काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले ते नीट सांगा.