‘होईल सवय!’

गेल्या पावसाळ्यात राहुरी तालुक्यातील एका शाळेच्या व्हरांड्यात मी बसलो होतो. दुसरीच्या वर्गात दाराजवळच्या बाकावर एक मुलगा दोन्ही बोटे कानांत घालून बसला होता. त्याच्या बाकाच्या बरोबर वर विजेची घंटा होती. घंटा व्हायला पाच-सात मिनिटे अवकाश होता. पण घड्याळ त्याला कळू लागले होते, म्हणून तयारी आधीपासूनच चालली होती. फळ्यावरचे शब्द इतर मुले उतरवीत होती. दोन्ही हात कानांशी अडकलेल्या मुलाने लिहावे कोणत्या हाताने? त्याची वही अपूर्ण राही, अपूर्ण वहीबद्दल त्याला उभे केले जाई, आणि उभा असताना घंटा झाली की तो रडे. त्याच्या आईने बाईंना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “लाडावलाय तो. होईल सवय.”

त्या बाईंना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मीही आयुष्यभर मास्तरकी केली आणि हेच दोन शब्द शेकडो वेळा उच्चारले. एकदा तर प्रार्थनेच्या रांगेत एका पोराची बोटे मी स्वतः त्याच्या कानांतून ओढून काढली होती. पुढे त्याने शाळा सोडली. कारण तेवढेच होते असे मी म्हणणार नाही. परंतु ते त्यात नव्हते असेही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

मुळात ही तक्रार कानांच्या तीक्ष्णपणाची नव्हे. अशा मुलाची श्रवणतपासणी बहुधा निर्दोष निघते, आणि मग ‘बघा, काही नाही’ म्हणून सगळे मोकळे होतात. इतरांना नुसता मोठा वाटणारा आवाज त्याचा मेंदू धोक्याची सूचना म्हणून घेतो. छाती धडधडते, घाम सुटतो, पळावेसे वाटते. स्वमग्न मुलांत हे पुष्कळदा आढळते. पण ज्यांना दुसरे काहीही निदान नाही अशा मुलांतही आढळते. आवाज अचानक आला, की त्रास अधिक. ही भीती शिक्षेने जात नाही. शिक्षेने एवढेच होते, की मुलाला घंटेबरोबर बाईंचीही भीती वाटू लागते.

गंमत अशी, की हे शहाणपण आपल्याच घरांत आहे. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपण सहकुटुंब जातो. गर्दीत, कर्ण्यांच्या आवाजात मूल बिथरले, तर बाप त्याला खांद्यावर घेतो आणि झाडाखाली नेऊन बसवतो. त्याला कोणी लाड म्हणत नाही. शाळेच्या दारात पाऊल टाकताच तीच माया शिस्तीच्या आड का यावी?

आता आपल्या शाळांकडे पाहू. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला, की शिकवणे थांबते. एकाच हॉलमध्ये अर्ध्या उंचीच्या फळ्या लावून दोन वर्ग भरतात. इकडे पाढे, तिकडे कविता. परिपाठाला पन्नास पावलांवरच्या मुलांसाठी कर्णा लागतो. स्नेहसंमेलनात तर डीजेशिवाय आपले मुळी भागतच नाही. बोर्डिंगातल्या मुलाला घरी पळण्याचीही सोय नाही. जेवणाच्या खोलीत स्टीलच्या ताटांचा खणखणाट दोन्ही वेळा ठरलेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गातील पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली होती. डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेची दहापट, हे विज्ञानाच्या मास्तरांना सांगायला नको. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राला दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. परंतु २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याखेरीज शाळेचा परिसर आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. सरकारने जाहीर करायचे तेव्हा करो. शाळेच्या भिंतींच्या आतला गोंगाट थांबवायला कोणाच्या अधिसूचनेची वाट पाहायची?

“साठ मुलांत एकासाठी शाळा बदलायची का?” असा प्रश्न येतो. शाळा बदला असे कोण म्हणते? बाक दारापासून हलवा. घंटा होण्यापूर्वी मुलाला खूण करा. वर्गावरच्या घंटेचे तोंड कापडाने बांधा किंवा शिपायाला हातघंटा द्या. कार्यालयाशेजारी एक चटई पसरा, जिथे तो पाच मिनिटे बसून परत येईल. संमेलनात त्याला शेवटच्या रांगेत, दाराशी बसू द्या. यात खर्च कसला?

“पण त्याला जगात वावरायचे आहे ना?” हा आक्षेप मात्र खरा आहे. दिवसभर कानांत बोळे घालून ठेवले, तर कान अधिकच हळवे होतात. म्हणून कानांवरची झाकणे प्रसंगापुरतीच हवीत, असे तज्ज्ञही सांगतात. सवय होते, पण हळूहळू, आणि आवाजाची सूत्रे मुलाच्या हाती असतील तर. त्यालाच एकदा हातघंटा वाजवू द्या. आधी दुरून, मग जवळून. ढकलून विहिरीत टाकल्याने पोहणे येते, असे म्हणणारे बुडालेल्यांची मोजदाद करीत नाहीत.

कायद्याचेही ऐकावे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नता समाविष्ट आहे. अशा मुलासाठी वाजवी सोय नाकारणे हा त्या कायद्याने भेदभाव ठरतो, आणि ही जबाबदारी मान्यताप्राप्त खासगी शाळांवरही आहे. तेव्हा आमची संस्था वेगळी, ही सबब चालणार नाही. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्या दिवशी मुलाच्या दातांबरोबर त्याच्या या त्रासाविषयीही आईबापांनी बोलावे. लाज कसली त्यात?

पालकसभेत आपण फीविषयी बोलतो, गणवेशाविषयी बोलतो. धर्मग्रामाच्या सभेतही मिशन शाळेच्या निकालाची टक्केवारी अभिमानाने वाचली जाते. त्या टक्केवारीत शाळा सोडून गेलेले पोर कुठेच दिसत नाही.

त्या आईला मी अर्ज लिहून दिला. मागण्या तीनच: बाक हलवावा, घंटेआधी खूण करावी, अपूर्ण वहीबद्दल उभे करू नये. अर्जाची पोच तिने मागून घेतली आहे. दिवाळीची सुट्टी होऊन गेली. उत्तर आलेले नाही. पुढच्या पालकसभेला आम्ही दोघेही जाणार आहोत.