जाळी नसेल, तर हातोडा नको

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत कॅनडाच्या ईथन कॅट्झबर्गने ८४.७० मीटर हातोडा फेकून आपले सुवर्णपदक राखले. वय अवघे २३. जर्मनीचा मेर्लिन हुमेल ८२.७७ मीटरसह दुसरा, तर हंगेरीचा बेन्स हालास ८२.६९ मीटरसह तिसरा आला. सोव्हिएत संघाच्या युरी सेदिखने १९८६ मध्ये श्टुटगार्टला केलेला ८६.७४ मीटरचा विश्वविक्रम आता फार दूर राहिलेला नाही. टीव्हीवर हा खेळ पाहताना आपली नजर गोळ्यामागे धावते. डॉक्टरची नजर मात्र खेळाडूभोवतीच्या उंच जाळीवर थांबते. कारण त्या जाळीशिवाय हा खेळ खेळता येत नाही, आणि आपल्याकडे तो कधी कधी तसाच खेळला जातो.

नाव हातोडा असले तरी प्रत्यक्षात तो पोलादी तारेला जोडलेला धातूचा गोळा असतो. पुरुषांसाठी तार आणि मुठीसह वजन ७.२६ किलो. खेळाडू २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात तीन-चार गिरक्या घेतो आणि गोळा सोडतो. ८४ मीटर जाणारा गोळा हातातून सुटताना त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे असतो. शेवटच्या गिरकीत खेळाडूच्या हातांवर तीनशे किलोहून अधिक ओढ येते. त्या वेळी गोळा सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे नऊ अंश फिरतो. गोळा पडायला हवा तो पट्टा जेमतेम ३५ अंशांचा. म्हणजे सोडण्यात सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका उशीर झाला, की गोळा भलतीकडे. जगज्जेत्यांचेही गोळे जाळीत अडकतात ते यामुळेच. त्यात खेळाडूची अब्रू जात नाही. जाळी असतेच त्यासाठी.

म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत जाळीच्या पिंजऱ्याचे माप काटेकोर दिले आहे. इंग्रजी यू आकाराचा पिंजरा, मागच्या बाजूला किमान सात मीटर उंच, पुढच्या बाजूला दहा मीटर, तोंडाशी हलवता येतील अशी दोन फाटके. ७.२६ किलोचा गोळा सेकंदाला ३२ मीटर वेगाने आदळला तरी तो थांबला पाहिजे, अशी अट आहे. थाळीफेकीसाठी उभारलेली कमी उंचीची जाळी किंवा चार बांबूंना बांधलेले क्रिकेटचे नेट हा पिंजरा नव्हे.

आता आपल्या मातीकडे येऊ. ताकदीच्या खेळांचे वेड कोल्हापूरला नवे नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक आणले. दूरदर्शनच्या ‘महाभारत’ मालिकेतला भीम, प्रवीणकुमार सोबती, मुळात थाळी आणि हातोडा फेकणारा खेळाडू होता. १९६६ च्या किंग्स्टन राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने हातोडाफेकीत रौप्यपदक मिळवले होते. बिद्री परिसरातल्या एखाद्या धिप्पाड मुलाने हातोडा उचलावा, अशीच कुणाचीही इच्छा असेल. शालेय स्पर्धांच्या यादीत हा प्रकार आहेच. प्रश्न आहे तो मैदानाचा. गावोगावच्या शाळांची मैदाने म्हणजे एकाच वेळी धावण्याची शर्यत, लांब उडी, गोळाफेक, कबड्डी आणि कडेने फिरणारी दोन-चारशे मुले. फेकीसाठी चुन्याची एक रेघ आणि शिट्टी फुंकणारे एक सर. भाला किंवा थाळीसाठीही ही व्यवस्था अपुरी. हातोड्यासाठी ती जीवघेणी.

हे नुसते भय नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळमध्ये पाला येथे राज्यस्तरीय कनिष्ठ ॲथलेटिक्स स्पर्धा सुरू होती. भालाफेक आणि हातोडाफेक शेजारी शेजारी, एकाच वेळी चालली होती. स्वयंसेवक म्हणून भाले गोळा करणाऱ्या अकरावीतल्या मुलाच्या डोक्यात हातोड्याचा गोळा बसला. सतरा दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. लक्षात घ्या, तो खेळाडू नव्हता. स्पर्धेला हातभार लावायला आलेला विद्यार्थी होता. आणि ती राज्य पातळीची स्पर्धा होती, तालुक्याची नव्हे.

अशा वेळी ‘मुलाने बघायला नको का?’ असे म्हणणारे भेटतात. थोडे गणित करू. अठरा वर्षांखालील मुलांचा हातोडा पाच किलोचा. तो नुसता तीस मीटर गेला, तरी सुटताना त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास असतो आणि हवेतला वेळ जेमतेम अडीच सेकंद. गोळा आवाज करत नाही. पाठमोऱ्या मुलाला हाक ऐकून, वळून, गोळा शोधून बाजूला व्हायला तेवढा वेळ पुरत नाही. आणि आघात केवढा? पाच किलोचा गोळा पंधरा मीटरवरून, म्हणजे चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून डोक्यात पडावा तेवढा. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूत असते त्याच्या सहापट ऊर्जा. ती कवटी पेलू शकत नाही.

डोक्याच्या दुखापतीचा सर्वांत फसवा भाग म्हणजे गोळा निसटता लागतो तेव्हाचा. मूल उठून बसते, बोलते, ‘काही नाही सर’ म्हणते. कवटीच्या आत फाटलेल्या रक्तवाहिनीतून रक्त साचत असते. तासा-दोन तासांनी उलट्या, गुंगी, एक बाहुली मोठी, आणि मग बेशुद्धी. या अवधीत सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया मिळाली, तर मूल वाचते. बिद्रीहून कोल्हापूर तीस-पस्तीस किलोमीटर. गळीत हंगामात कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून वाट काढत रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शल्यचिकित्सक कितीही निष्णात असला, तरी हरवलेला तास त्याला परत आणता येत नाही. म्हणून या अपघातावरचा खरा उपचार मैदानावर, अपघाताच्या आधी होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक शाळेला पिंजरा कुठून परवडणार? जाळीची अट घातली, तर खेड्यातल्या मुलांचा हातोडाच हिरावला जाईल. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर धोका पत्करणे हे नाही. पिंजरा प्रत्येक शाळेला लागत नाही. तालुक्याला एक पुरतो. जिथे तो नाही, तिथे तालुका पातळीची हातोडाफेक रद्द न करता थेट जिल्ह्याच्या, पिंजरा असलेल्या मैदानावर घ्यावी. गिरक्यांचा सराव काठी घेऊन किंवा गोळा न सोडताही होतो. आपल्याकडे साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था स्पर्धांना ढाली, चषक आणि फलक उदंड देतात. एका वर्षाच्या ढाली वाचवून अनेक संस्थांनी मिळून एक पिंजरा दिला, तर ते बक्षीस पुढच्या वीस तुकड्यांना पुरेल. मात्र तो नियमाने उभारलेला, पाया पक्का केलेला हवा. २०१७ मध्ये लंडनला सराव करताना पिंजऱ्याचाच सांगाडा कोसळून संयुक्त अरब अमिरातीच्या एका दिव्यांग खेळाडूचा जीव गेला, हेही विसरू नये.

बाकीच्या गोष्टींना पैसा लागत नाही. हातोडाफेक सुरू असताना शेजारी दुसरी फेक नको. गोळा पडण्याच्या बाजूला उभे राहणाऱ्यांनी पाठ फिरवायची नाही, आणि ते काम लहान विद्यार्थ्यांना द्यायचे नाही. फेकीपूर्वी तार, मूठ आणि जोड तपासायचे. वर्तुळ पावसाने ओले असेल, तर थांबायचे. डोक्याला मार लागलेल्या मुलाला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये. मान न हलवता आडवे ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. मूल बरे दिसले, तरी त्याला दवाखान्यात नेल्याशिवाय घरी पाठवू नये.

पालकांनी आणि पंचायतीच्या सदस्यांनी मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे : यंदा हातोडाफेक कुठे आहे, आणि तिथे जाळी आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या दिवशी त्या मैदानावर हातोडा निघता कामा नये. मुलाचे पदक पुढच्या वर्षीही मिळू शकते.