दान कुणाचं, घाम कुणाचा?

मी एका पाणलोट संस्थेत प्रकल्प अधिकारी आहे. हुद्दा मोठा, माणूस एकटा. अकरा गावं, एक मोटरसायकल, अकरा महिन्यांचा करार. दोन सुपरवायझर सोडून गेले, त्यांचं कामही माझ्याच बोकांडी. जादा पैसे मागितले तर साहेब म्हणतात, "ही नोकरी नाही, सेवा आहे!"

शिकायला आम्हाला राळेगणसिद्धीला नेलं. १९७५ पासून अण्णा हजारेंच्या पुढाकाराने इथं पाणी अडवलं. पारनेरच्या दुष्काळी पट्ट्यात विहिरींना पाणी आलं, हे नाकारत नाही. पण पंचसूत्रीतल्या दोन शब्दांपाशी मी अडलो : श्रमदान आणि चराईबंदी. विहीरवाला श्रम देतो, त्याचं पाणी वाढतं. भूमिहीन काय देतो? दिवसाची मजुरी. वर त्याच्या शेळीला रान बंद!

माझ्या अहवालात हेक्टरचा रकाना आहे, बांधांचा आहे. भूमिहीनाचा नाही. घाईघाईत सही ठोकून तो मीच वर धाडतो. म्हणजे गुन्हेगार मीही.

१९७९ साली लागू झालेल्या रोजगार हमी कायद्याने काम मागणं हा हक्क केला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्यासाठी हात पसरला नव्हता, हक्काने ओंजळ भरली होती.

पुढच्या अहवालात मी हाताने रकाना आखणार : पाणी कुणाच्या वाट्याला? खाली माझ्या जादा तासांचा हिशेब. दान म्हणा, सेवा म्हणा. फुकट राबवणं ही वेठबिगारीच!