आधी आपलं बिलबुक वाचा

शब्दार्थाचं पुस्तक आणायचं, रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करायचे, आणि 'सी' येईपर्यंत पुस्तक कपाटावर. तुमचंही झालंय ना असं? 'अबँडन' म्हणजे सोडून देणे, हा शब्द पहिल्याच पानावर भेटला आणि आम्ही नेमकं तेच केलं.

माझं मत सरळ आहे. क्लासवाले रागावले तरी चालेल, पण धंदा करणाऱ्यानं 'ए'पासून डिक्शनरी पाठ करू नये. आपल्या बिलबुकापासून सुरुवात करावी.

काढा बरं ते. खाली बारीक अक्षरात 'सब्जेक्ट टू कोल्हापूर ज्युरिस्डिक्शन' छापलंय? प्रेसवाल्यानं छापलं, आपण कधी विचारलं नाही. सब्जेक्ट म्हणजे शाळेतला विषय, एवढंच आपल्याला ठाऊक. इथं 'सब्जेक्ट टू' म्हणजे 'च्या अधीन' आणि ज्युरिस्डिक्शन म्हणजे अधिकारक्षेत्र. पुण्याच्या गिऱ्हाइकाशी वाद झाला तर तो कोल्हापूरच्या कोर्टात चालावा, असं तुम्ही त्या ओळीत म्हणताय. बाजूला 'ई. अँड ओ. ई.' असेल. एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड. अहो, हे तर आजोबांच्या वहीतलं 'चूकभूल देणेघेणे'!

आता पैशाचा शब्द बघू. शिरोली, गोकुळ शिरगावात सुटे भाग करून मोठ्या कंपनीला देणाऱ्यांनी नीट वाचा. 'अ‍ॅक्सेप्टन्स' म्हणजे स्वीकार. मी नवीन असताना एका खरेदीदारानं फोनवर सांगितलं, 'माल अजून अ‍ॅक्सेप्ट झालेला नाही.' मी 'ओके सर' म्हणून गप्प बसलो. दोन महिने पैसे अडकले, इकडे पगार उसने काढून दिले.

तेव्हा 'डीम्ड' हा शब्द माहीत असता तर! डीम्ड म्हणजे गृहीत धरलेलं. 2006 च्या एमएसएमई कायद्यात 'डीम्ड अ‍ॅक्सेप्टन्स' आहे. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरतात. फोनवरची कुरकुर लेखी हरकत होत नाही. करारात काहीही मुदत लिहा, पैसे द्यायला स्वीकारापासून 45 दिवसांच्या वर जाता येत नाही. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, म्हणून उद्यम नोंदणी करून ठेवा.

बोलताना ग्रामर चुकलं तर गिऱ्हाईक हसेल, फार तर. 'ड्यू' म्हणजे देय आणि 'ओव्हरड्यू' म्हणजे मुदत उलटून गेलेलं, हा फरक कळला नाही तर वसुलीचं पत्रच चुकीचं जातं.

म्हणून कागद हातात आला की न कळलेला एकच शब्द निवडा. अर्थ मराठीत लिहा आणि खाली आपल्याच धंद्यातलं एक वाक्य करा. 'रमेशकडचे 4,000 ओव्हरड्यू आहेत,' असं. वेगळी वही नको, बिलबुकाचं मागचं पान रिकामंच असतं.